एबीएसएन: १२ महिन्यांचा की १६ महिन्यांचा?

तुझा प्रश्न नीट वाचला. भारतातली बीएस्सी मायक्रोबायोलॉजी, इथे अमेरिकेत काही वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग, आता ग्रीन कार्ड आलंय, मुलगी शाळेत जायला लागलीये आणि एबीएसएनला, म्हणजे आधीच एक पदवी असलेल्यांसाठीच्या झटपट बीएसएनला (नर्सिंगच्या बॅचलर्सला), जायचं पक्कं केलंयस. घराजवळचा खाजगी प्रोग्राम १२ महिन्यांचा, तासाभराच्या ड्राइव्हवरचा स्टेट युनिव्हर्सिटीचा १६ महिन्यांचा, आणि लवकर संपतो तोच घ्यावा ना असं विचारतेस. मी असाच सेकंड डिग्रीवाला बीएसएन करून आता मेड-सर्जला (मेडिकल-सर्जिकल वॉर्डला) नर्स आहे, आमच्या युनिटवर क्लिनिकलला, म्हणजे हॉस्पिटलमधल्या प्रॅक्टिकलला, येणाऱ्या मुलीही बघते, म्हणून जरा लांबलचक लिहितेय.

महिन्यांवरून ठरवू नकोस गं. दोन्हीकडे पहिला प्रश्न हा विचार की मागच्या बॅचला सुरुवात किती जणांनी केली आणि त्यातले वेळेत बाहेर किती पडले. वेबसाइटवर एनक्लेक्सचा (नर्सिंग लायसन्सच्या परीक्षेचा) पास रेट मोठ्या अक्षरात असतो, पण तो परीक्षेला बसलेल्यांचा असतो, आणि बसणार कोण हे बऱ्याच ठिकाणी शाळाच ठरवते, कारण शेवटच्या सेमिस्टरला एक्झिट एक्झाम असते आणि तिथे ठराविक स्कोर आला नाही तर पुढचं सगळं अडकतं. समज ६० जणांनी सुरू केलं, ३५ उरले, ३४ पास झाले, तर जाहिरातीत ९७ टक्के दिसणार आणि मधल्या २५ जणांची फी गेली ती गेलीच. त्यामुळे दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवून बघायचे. सीसीएनई ही नर्सिंग प्रोग्राम्सना मान्यता देणारी संस्था, तिचा किमान निकष कोर्स पूर्ण करणाऱ्यांच्या प्रमाणासाठी ७० टक्के आणि एनक्लेक्ससाठी ८० टक्के आहे, त्याच्या जेमतेम वर असलेला प्रोग्राम मी तरी घेणार नाही. आकडे विचारल्यावर अ‍ॅडमिशनवाली व्यक्ती गोलगोल बोलायला लागली तर तेच उत्तर समज.

मान्यतेचंही स्वतः तपास. स्टेट बोर्ड ऑफ नर्सिंगच्या यादीत नाव हवंच, त्याशिवाय लायसन्स नाही, आणि वर सीसीएनई किंवा तिच्यासारख्याच एसीईएनची मान्यता हवी, नाहीतर पुढे मास्टर्सला अडतं, व्हीए (माजी सैनिकांच्या सरकारी) हॉस्पिटल्समध्ये नोकरीलाही अडतं. हे वाटतं तेवढं फॉर्मल नाहीये, जानेवारी २०२३ मध्ये फ्लोरिडातल्या तीन शाळांमधून ७,६०० च्या वर खोट्या नर्सिंग डिप्लोमांची विक्री उघडकीला आली होती.

दुसरा मोठा प्रश्न क्लिनिकल्सचा, आणि हा बहुतेक जण विचारतच नाहीत. हॉस्पिटल्सशी करार शाळेने केलेत की जागा तुलाच शोधायची? कुठे, किती लांब, दिवसा की रात्री, वीकेंडला का? मुलांचा वॉर्ड आणि लेबर-डिलिव्हरी प्रत्यक्ष मिळतं की सगळं सिम्युलेशन लॅबमध्ये उरकतात? घराजवळचं कॅम्पस म्हणतेस, पण कॅम्पस घराजवळ असून क्लिनिकल दीड तासावर आलं, रिपोर्टिंग पावणेसातला, तर तू पाचला घर सोडणार, आणि तो दिवस बुडवता येत नाही कारण तासांची भरपाई करायला १२ महिन्यांच्या कोर्समध्ये जागाच नसते. मुलीला ताप आला तर घरी कोण थांबणार हे अ‍ॅडमिशनच्या आधी ठरवून ठेव, एक माणूस नाही, दोन.

तिसरं, एका विषयात फेल झालं तर काय. नर्सिंगमध्ये पासिंग बहुतेक ठिकाणी ७५ ते ८० असतं, ७४ म्हणजे फेल, राउंड करत नाहीत. वर्षातून एकच बॅच घेणाऱ्या शाळेत तो विषय पुन्हा यायला वर्ष लागतं, मग १२ महिन्यांचा कोर्स २४ चा झाला. तुझा १६ वाला वर्षातून दोनदा बॅच घेत असेल तर माझं मत सरळ त्याच्याच बाजूने. तेवढ्या जास्तीच्या महिन्यांत फार्मॅकॉलॉजी डोक्यात मुरते, १२ मध्ये नुसती तोंडातून जाते.

पैशाचं थोडक्यात. खाजगीत फी ६०-७० हजार डॉलर सहज होते. एकदा बॅचलर्स झालेली असली, भारतातली का असेना, की पेल ग्रँट (परत न करावी लागणारी सरकारी मदत) मिळत नाही. ग्रीन कार्डवर फेडरल लोन मिळेल पण शेवटच्या वर्षांच्या विद्यार्थ्याला ते वर्षाला १२,५०० डॉलरपर्यंतच, म्हणजे उरलेलं प्रायव्हेट लोन, आणि त्याचा व्याजदर ऐकून घे मग सही कर. कम्युनिटी कॉलेजचं दोन वर्षांचं एडीएनही (नर्सिंगची असोसिएट डिग्री) आहे, आरएन (रजिस्टर्ड नर्स) लायसन्स तेच मिळतं, खर्च फारच कमी, फक्त मोठी हॉस्पिटल्स बीएसएन मागतात आणि न्यूयॉर्कमध्ये तर २०१७ च्या कायद्याने नवीन आरएनला दहा वर्षांत बीएसएन करावंच लागतं. पैसा खरंच अडचण असेल तर तो रस्ता कमी दर्जाचा अजिबात समजू नकोस.

आता निभवायचं कसं. तू अभ्यासात हुशार असणार यात शंका नाही, पण आपण ज्या पद्धतीने शिकलो ती इथे पुरत नाही. पाठांतराने अ‍ॅनाटॉमीत ए मिळतो, नर्सिंगच्या पेपरात चारही पर्याय बरोबर असतात आणि विचारतात आधी काय करशील. उदाहरण देते. हार्ट फेल्युअरचा पेशंट, फ्युरोसेमाइड (लघवी वाढवणारं औषध) चालू, नऊ वाजता डिगॉक्सिन (हृदयाचं औषध) द्यायचंय, सकाळच्या रिपोर्टमध्ये पोटॅशियम २.९. पर्याय: वजन घ्या, केळ्यासारखं पोटॅशियमवालं खायला सांगा, डिगॉक्सिन थांबवून प्रोव्हायडरला कळवा, औषधांची माहिती द्या. नॉर्मल ३.५ ते ५ असतं हे सगळ्यांना पाठ असतं, पण फ्युरोसेमाइडने पोटॅशियम खाली गेलंय आणि पोटॅशियम कमी असताना डिगॉक्सिनचं विष चढतं, हृदयाची लय बिघडू शकते, हे तीन धागे एका क्षणात जोडता आले पाहिजेत. म्हणून नोट्स रंगवण्यात रात्री घालवू नकोस, धडा एकदा वाच आणि लगेच प्रश्न सोडव, आणि चुकलेल्या प्रश्नाचंच नाही तर बरोबर आलेल्याचंही स्पष्टीकरण वाच, कारण अर्धे अंदाजाने आलेले असतात. एप्रिल २०२३ पासून एनक्लेक्स नव्या रूपात आहे, पेशंटची अख्खी केस देऊन त्यावर निर्णय विचारतात, ८५ ते १५० प्रश्न आणि पाच तास, त्यामुळे ही सवय पहिल्या आठवड्यापासून लागायला हवी. डोसेज कॅल्क्युलेशन मात्र सुरू व्हायच्या आधीच पक्कं कर, त्या टेस्टला ९० च्या वर मागतात, काही ठिकाणी पूर्ण १००, आणि ती पास नाही तर औषधं हातात देत नाहीत.

क्लिनिकलला कोपऱ्यात उभी राहू नकोस. सकाळीच तुझ्या नर्सला सांग की आज मला कॅथेटर टाकायला, ड्रेसिंग बदलायला मिळेल का, काही असेल तर हाक मार. आम्ही गडबडीत असतो, जी मुलगी स्वतःहून विचारते तिलाच बोलावलं जातं, आणि युनिट मॅनेजर पुढे नोकरीसाठी तीच नावं लक्षात ठेवतात. कोर्स चालू असताना नोकरी करायचा विचार सोड, फार तर सुट्टीत नर्सिंग असिस्टंटचं काम.

तुझ्या बीएस्सीबद्दल. सायन्सचे प्रीरिक्विझिट (प्रवेशाआधी पूर्ण करायचे विषय) बऱ्याच शाळा ५ ते ७ वर्षांच्या आतले मागतात, त्यामुळे मायक्रोबायोलॉजी पुन्हा करावी लागेल याची तयारी ठेव, आणि अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजीचे दोन्ही भाग लॅबसकट लागतीलच. कम्युनिटी कॉलेजात कर, पण ऑनलाइन लॅब चालते का हे दोन्ही प्रोग्राम्सना ईमेलवर लेखी विचारून घे. भारतातल्या डिग्रीचं डब्ल्यूईएसकडून (परदेशी पदव्या तपासणाऱ्या संस्थेकडून) कोर्स-बाय-कोर्स मूल्यांकन लागेल, त्यासाठी तुझ्या युनिव्हर्सिटीने ट्रान्स्क्रिप्ट थेट त्यांना पाठवायला लागतात आणि तिथे खेटे घालायला कोणीतरी लागतं, महिने जातात त्यात. भावाला नाहीतर मैत्रिणीला या आठवड्यातच कामाला लाव, आणि तोवर इथे अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजीच्या पहिल्या भागाला नाव घालून टाक.