टीबीचा पेशंट ‘पायाला मुंग्या येतात’ म्हणाला तर

नवीन रुजू झाली आहेस म्हणून सांगते. आयसोनियाझिड (टीबीची एक गोळी) चालू असलेला पेशंट ‘ताई, तळवे जळतात, चप्पल पायात आहे की नाही कळत नाही’ म्हणाला, तर ‘अशक्तपणा असेल’ म्हणून परत पाठवू नकोस. हे औषध शरीरातलं पायरिडॉक्सिन, म्हणजे बी-६ जीवनसत्त्व, निकामी करतं आणि ते जीवनसत्त्व लघवीवाटे निघून जातं. ते कमी पडलं की नसांना त्रास होतो, म्हणून मुंग्या येतात. मधुमेही, रोज दारू पिणारे, गरोदर बायका, अगदी हाडं दिसणारे पेशंट यांना तूच आधी विचार. आपणहून बोलत नाहीत. तोंडाचे कोपरे फाटलेत का, जीभ लाल गुळगुळीत झालीय का, तेही बघ.

बचावासाठी रोज १० ते २५ मिग्रॅ बी-६ पुरतं. मुंग्या सुरू झाल्यावर डॉक्टर सहसा ५० ते १०० मिग्रॅ देतात. टीबीच्या गोळ्या मात्र पेशंटने स्वतःहून थांबवायच्या नाहीत. (या गोंधळात कोर्स सोडणारे मी पाहिलेत.) दुकानातल्या कुठल्याही बी-कॉम्प्लेक्सवर विसंबू नकोस, पाकिटावर बी-६ किती आहे ते वाच. जास्त घेतलं की लवकर बरं, असंही नाही. मोठा डोस महिनोन्‌महिने घेतला तर त्यानेच नसा बिघडतात. आणि लिनेझोलिड (नेहमीच्या गोळ्यांना दाद न देणाऱ्या टीबीवरचं औषध) चालू असलेल्या पेशंटच्या मुंग्या बी-६ने जातील या भरवशावर राहू नकोस, त्याला त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठव.