पीएम (शवविच्छेदन) रिपोर्टमध्ये 'ओपिनियन रिझर्व्ड, व्हिसेरा प्रिझर्व्ड' असं का लिहितात?

तुमच्या काकांच्या रिपोर्टमध्ये मृत्यूच्या कारणाच्या रकान्यात एवढंच लिहिलंय आणि त्यावरून घरात विषबाधेची चर्चा सुरू झालीय. कृपा करून ती आधी थांबवा. डोकं, छाती, पोट उघडून पाहिल्यावरही नुसत्या डोळ्यांना पक्कं कारण दिसलं नाही, म्हणून डॉक्टरांनी मत राखून ठेवलंय. हृदय अचानक बंद पडून गेलेल्यांच्या रिपोर्टवरही हीच ओळ येते.

व्हिसेरा म्हणजे तपासणीसाठी काढून ठेवलेले आतले अवयव. साधारणपणे एका बरणीत जठर आतल्या अन्नासकट आणि लहान आतड्याचा सुमारे 30 सेंमी तुकडा, दुसरीत यकृत, प्लीहा आणि दोन्ही मूत्रपिंडांचा अर्धा-अर्धा भाग; रक्त वेगळं. अवयव बहुधा मिठाच्या संपृक्त पाण्यात ठेवतात. बरणी दोन-तृतीयांशच भरायची, कारण कुजताना वायू होतो आणि गच्च भरलेली बरणी फुटते. त्या पाण्याचा कोरा नमुनाही सोबत जातो, म्हणजे विष त्यातूनच आलं का हे तपासता येतं. हे सीलबंद होऊन पोलिसांमार्फत न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जातं; तिथून येतो तो 'सीए रिपोर्ट', म्हणजे केमिकल अॅनालायझरचा, रासायनिक तपासणीचा अहवाल.

हृदयाचे तुकडे मात्र हिस्टोपॅथॉलॉजीसाठी, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीसाठी, 10 टक्के फॉर्मॅलिनमध्ये जातात. व्हिसेरा चुकून फॉर्मॅलिनमध्ये पडला, तर अवयव कडक होतात आणि त्यातून विष वेगळं काढणं फार अवघड होतं.

पाठीवरचे जांभळे डाग तुम्ही मारहाणीचे समजताय, पण रिपोर्टमध्ये त्यांना 'पीएम लिव्हिडिटी' म्हटलंय. रक्ताभिसरण थांबल्यावर रक्त खालच्या बाजूला साचतं. जमिनीला टेकून दबलेला भाग, जसं खांद्याची पाती, तेवढा पांढुरका राहतो. शंका असली तर डॉक्टर डागावर छेद घेतात. लिव्हिडिटीतलं रक्त पाण्याने धुऊन जातं, मुक्या मारातलं ऊतींत भिनलेलं असतं, ते जात नाही. रिपोर्टमधला 'रायगर मॉर्टिस' म्हणजे मृत्यूनंतर येणारा स्नायूंचा ताठरपणा. मृत्यूची वेळ अंदाजण्यासाठी त्याची नोंद करतात.

आता पोलीस ठाण्यात अकस्मात मृत्यू नोंदीचा क्रमांक सांगून सीए रिपोर्ट आला का विचारा. बऱ्याचदा तो येऊन पडलेला असतो, पण डॉक्टरांपर्यंत पोचलेला नसतो. सीए आणि हिस्टोपॅथॉलॉजी दोन्ही हातात आल्याशिवाय डॉक्टर अंतिम मत देत नाहीत, आणि विमा कंपनी बहुधा तेच मागते.