त्सुन्यीच्या बैठकीत नेमकं काय ठरलं?

प्रश्न : चिनी क्रांतीवरच्या प्रत्येक लेखात चिनी कम्युनिस्ट पक्षाची नैर्ऋत्य चीनमधल्या त्सुन्यी शहरातली जानेवारी १९३५ ची बैठक निर्णायक मानलेली असते. माओ तिथेच पक्षप्रमुख झाले का? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : नाही झाले. मी कॉलेजात आधुनिक आशियाचा इतिहास शिकवत असे, तेव्हा उत्तरपत्रिकांत हे वाक्य हमखास यायचं. माओंना पॉलिट ब्यूरोच्या, म्हणजे पक्षाच्या सर्वोच्च मंडळाच्या, स्थायी समितीत घेतलं गेलं, एवढंच. पक्षाची सूत्रं फेब्रुवारीत बो गू यांच्याकडून चांग वन-त्यान यांच्याकडे गेली. लष्करी बाबतीत अखेरचा शब्द चौ एन-लाय यांचाच राहिला.

तरीही त्या बैठकीचं मोल मोठं आहे. ऑक्टोबर १९३४ मध्ये कम्युनिस्टांच्या लाल सेनेचे सुमारे ८६,००० लोक च्यांगशी प्रांतातल्या आपल्या तळावरून ‘लाँग मार्च’ला निघाले होते, छापखान्याच्या यंत्रांसकट सगळं बिऱ्हाड खांद्यावर घेऊन. श्यांग नदी ओलांडताना कम्युनिस्टांचा शत्रू, राष्ट्रवादी नेता च्यांग कै-शेकच्या फौजांनी त्यांना गाठलं. नदीपार उरले ३०,००० च्या आसपास. काही मारले गेले, काही वाटेतच पांगले. याचा जाब कुणीतरी द्यायलाच हवा होता.

त्सुन्यीत एका लष्करी अधिकाऱ्याच्या दुमजली घरात, माडीवर, वीस जण बसले. बो गू यांनी पराभवाचं खापर शत्रूच्या बळावर फोडलं. कॉमिन्टर्नचा (जगभरच्या कम्युनिस्ट पक्षांच्या मॉस्कोतल्या संघटनेचा) जर्मन सल्लागार ऑटो ब्राउन दाराजवळ बसून दुभाष्याकरवी आपल्यावरची टीका ऐकत होता. चौ एन-लाय लष्करी निर्णय घेणाऱ्या, या दोघांच्याच त्रिकुटातले, पण त्यांनी स्वतःची चूक उघड मान्य केली आणि माओंच्या बाजूने कौल दिला. माझ्या मते बैठक फिरली ती इथे. माओंचं भाषण कितीही धारदार असलं, तरी चौ हटून बसले असते तर ते वाया गेलं असतं.

आणि मॉस्कोला विचारायची सोयच नव्हती! मॉस्कोशी संपर्क ठेवणारं शांघायचं गुप्त रेडिओकेंद्र आदल्या वर्षीच पोलिसांच्या हाती लागलं होतं. चिनी पक्षाने आपलं नेतृत्व मॉस्कोला न विचारता बदललं ते इथे. झाल्याची हकिगत सांगायला नंतर पक्षाचे एक नेते चेन युन यांना तिकडे धाडलं.

पुढचं सगळं सावकाश घडलं. तुमच्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३९ मध्ये येनानला, कम्युनिस्टांच्या नव्या मुख्य ठाण्यावर, पोचले, तेव्हा तिथे माओंचा शब्द चालत होता. पॉलिट ब्यूरोचं अध्यक्षपद मात्र त्यांना मिळालं मार्च १९४३ मध्ये, डॉक्टरांच्या निधनानंतर.