चिठ्ठी, फटके आणि ७०० पौंड : वसाहतींतल्या गुलाम-कायद्यांविषयी प्रश्नोत्तरे

प्रश्न : जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्यांना अर्पण केलं. ती गुलामगिरी इंग्रजी अमलातच कायद्याने पक्की झाली, असं वाचलं. पण इंग्लंडच्या कायद्यात गुलाम असा वर्गच नव्हता ना?

नव्हता. म्हणूनच वसाहतींच्या विधिमंडळांना तो नव्याने लिहावा लागला. बार्बाडोस या कॅरिबियन समुद्रातल्या उसाच्या बेटावर मळेवाल्यांच्या सभेने १६६१ साली गुलामांच्या ‘बंदोबस्ता’चा सविस्तर कायदा केला. जमैकाने १६६४ मध्ये तो उचलला. १६७० पासून बार्बाडोसचे लोक उत्तर अमेरिकेतल्या कॅरोलिना वसाहतीत जाऊन वसले, त्यांच्यासोबत कायदाही गेला. साउथ कॅरोलिनाचा १७४० चा कायदा त्याच घराण्यातला. दुरुस्त्या होत होत तो १८६५ पर्यंत टिकला. पुढची बरीच उत्तरं त्याच्याच आधाराने देत आहे, कारण रोजच्या जगण्याचे बारकावे त्यात भरपूर आहेत.

प्रश्न : कोण गुलाम आणि कोण स्वतंत्र, हे ठरवायचे कसे?

इंग्लंडमध्ये मुलाला बापाची ओळख मिळे. व्हर्जिनिया या उत्तर अमेरिकेतल्या दुसऱ्या इंग्रजी वसाहतीत एलिझाबेथ की या स्त्रीने १६५६ मध्ये याच जोरावर स्वातंत्र्य मिळवलं : बाप इंग्रज आणि स्वतःचा बाप्तिस्मा (ख्रिस्ती धर्मात घेण्याचा विधी) झालेला. विधिमंडळाने दोन्ही वाटा बंद केल्या. १६६२ मध्ये ठरलं की मूल आईच्या स्थितीप्रमाणे गुलाम किंवा स्वतंत्र. १६६७ मध्ये ठरलं की बाप्तिस्म्याने स्थिती बदलत नाही. पहिल्या कायद्याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. मालकाने गुलाम स्त्रीवर अत्याचार केला, तर होणारं मूल त्याच्याच मालमत्तेत जमा. बाप म्हणून जबाबदारी शून्य.

साउथ कॅरोलिनाने १७४० मध्ये आणखी पुढची पायरी गाठली. माणूस काळा असेल तर तो गुलामच, असं गृहीत धरायचं. उलट सिद्ध करण्याचं ओझं त्याच्यावर. त्याला स्वतःच्या नावाने दावा लावता येत नसे. आधी कोणीतरी पालक म्हणून उभं राहायचं, कोर्टाने त्याला मान्यता द्यायची, मग त्या पालकाने दावा चालवायचा. आणि दावा हरला तर? जीव किंवा अवयव जाणार नाही इतपत शारीरिक शिक्षा त्या गुलामाला देण्याची कोर्टाला मुभा होती. अशा अटीवर किती जण कोर्टाची पायरी चढायला धजावतील?

प्रश्न : बाहेर जायला चिठ्ठी लागे म्हणतात. तिच्यात काय लिहिलेलं असे?

मजकुराचा नमुना कायद्यातच छापलेला आहे : अमुक शहरातून किंवा अमुक परगण्यातल्या अमक्याच्या मळ्यातून या गुलामास इतके दिवस वा तास बाहेर राहण्यास परवानगी आहे. खाली मालकाची किंवा त्याच्या वतीने काम पाहणाऱ्याची सही. चिठ्ठीही नाही आणि सोबत गोरा माणूसही नाही, तर २० पर्यंत फटके. अडवण्याचा अधिकार कुठल्याही गोऱ्याला होता. गुलामाने तपासणीला विरोध करून अंगावर हात टाकला, तर त्याला ठार मारणंही कायदेशीर.

गुलामाला लिहायला शिकवणाऱ्याला १०० पौंड दंड होता, तो याच व्यवस्थेला धरून. लिहिता येणारा माणूस स्वतःची चिठ्ठी स्वतः बनवू शकतो. १७४० मध्ये बंदी लिहिण्यावर होती, वाचण्यावर नव्हती. वाचनावरची बंदी या राज्यात १८३४ ची. पुष्कळ लेखांत या दोन्हींची सरमिसळ होते.

प्रश्न : ढोल आणि कपडे यांच्यावर बंदी कशासाठी?

ढोलाचं कारण ताजं होतं. ९ सप्टेंबर १७३९, रविवार. स्टोनो नदीच्या पुलाजवळ सुमारे वीस गुलामांनी एका दुकानातून बंदुका घेतल्या आणि ढोल वाजवत, निशाण फडकवत ते दक्षिणेला निघाले. तिकडे स्पॅनिश फ्लोरिडा होतं, आणि पळून येणाऱ्यांना स्वातंत्र्य देण्याचं वचन स्पॅनिश सत्तेने दिलेलं होतं. ढोलाच्या आवाजावर आणखी माणसं येऊन मिळत गेली. उठाव चिरडला गेला आणि पुढच्याच मे महिन्यात हा कायदा झाला. ढोल, शिंग, एकमेकांना इशारा देता येईल असं कुठलंही मोठ्या आवाजाचं वाद्य बंद. सोबत गोरा नसताना सातहून जास्त पुरुष गुलाम हमरस्त्यावर एकत्र दिसले तरी फटके.

कपड्यांचं कलम वाचताना दुकानाची यादी वाचल्यासारखं वाटतं. ‘निग्रो क्लॉथ’ नावाचं जाडंभरडं लोकरी कापड, आपल्या मांजरपाटासारखं ओस्नाबर्ग, निळं आणि चौकडीचं लिनन, कॅलिको. (कॅलिको हे नाव आपल्या कालिकतवरून पडलेलं.) यापेक्षा उंची कापड गुलामाच्या अंगावर दिसलं, तर शिपायाने ते काढून घ्यायचं आणि स्वतःलाच ठेवायचं. शिपायाला लोभ लावून कलम राबवण्याची ही तजवीज होती. सवलत फक्त मालकाने गणवेश दिलेल्या नोकरांना.

प्रश्न : गुलामाचा खून केला तर मालकाला शिक्षा होती की नाही?

व्हर्जिनियाच्या १६६९ च्या कायद्यात नव्हती. विरोध करणारा गुलाम ‘सुधारताना’, म्हणजे शिक्षा देताना, मेला तर तो गुन्हा नाही; कारण काय, तर स्वतःची मालमत्ता कोणी हेतुपुरस्सर नष्ट करेल असं मानता येत नाही.

साउथ कॅरोलिनात १७४० मध्ये दंड होता. जाणूनबुजून खून : ७०० पौंड, आणि सरकारी पदाला कायमचं अपात्र. संतापाच्या भरात किंवा अति मारहाणीत मृत्यू : ३५० पौंड. जीभ कापणं, डोळा काढणं, भाजणं, अवयव तोडणं : १०० पौंड. म्हणजे माणसाची जीभ कापण्याचा आणि त्याला लिहायला शिकवण्याचा दंड सारखाच. चाबूक, कातडी वादी, छडी, बेड्या आणि कोंडून ठेवणं हे क्रूरतेतून स्पष्ट वगळलेलं होतं.

दंडसुद्धा क्वचितच लागू शकणार होता. घटनेच्या वेळी दुसरा गोरा हजर नसेल, तर संशय मालकावर येई खरा. पण ‘मी केलं नाही’ अशी शपथ घेऊन तो सुटू शके. ती शपथ खोटी पाडायला किमान दोन साक्षीदार हवेत, आणि गोऱ्याविरुद्ध गुलामाची साक्ष चालत नसे. उलट गुलामावर प्राणदंडाचा आरोप आला, की दोन दंडाधिकारी आणि तीन ते पाच जमीनवाले गोरे बसून निकाल देत. ज्युरी नाही. फाशी दिल्यास मालकाला सरकारी तिजोरीतून २०० पौंडांपर्यंत भरपाई.

प्रश्न : याच कायद्यात कामाचे तास ठरवलेले आहेत. ते संरक्षण नव्हे का?

२५ मार्च ते २५ सप्टेंबर दिवसाला कमाल १५ तास, उरलेल्या काळात १४. मोडल्यास ५ ते २० पौंड दंड. पण ज्याच्याकडून सोळा तास काम करून घेतलं, त्याचा शब्द कोर्टात धरायचाच नव्हता. माझ्या मते याला संरक्षण म्हणणं चूक आहे. पुन्हा स्टोनो घडू नये, ही काळजी त्यामागे होती.

प्रश्न : मूळ कायदे वाचायचे आहेत. कुठे चुकायला होतं?

पहिली चूक चलनाची. साउथ कॅरोलिनातले आकडे स्थानिक चलनातले आहेत. त्या सुमारास साधारण सात स्थानिक पौंडांना इंग्लंडचा एक स्टर्लिंग पौंड पडे. म्हणजे खुनाचे ७०० पौंड प्रत्यक्षात शंभरेक स्टर्लिंग. दुसरी तारखांची. १७५२ पूर्वी इंग्रजी वर्ष २५ मार्चला सुरू होई, त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीच्या घटनांची सालं पुस्तकागणिक एका वर्षाने मागेपुढे दिसतात.

तिसरी चूक सर्वांत मोठी : बंदीचं कलम वाचून ‘गुलाम हे करत नसत’ असं समजणं. जे घडतच नव्हतं, त्यावर बंदी घालायला कोण बसेल? व्हर्जिनियाच्या १७०५ च्या कायद्यात गुलामांचे घोडे, गुरं, डुकरं जप्त करून विकावीत आणि पैसे चर्चच्या हद्दीतल्या गरिबांना द्यावेत असं म्हटलंय. तिथेच शब्द आहेत : गुलामाची खूण असलेली जनावरं. म्हणजे ती जनावरं त्यांनी पाळली होती, आणि त्यांच्या अंगावर स्वतःची खूण केली होती.