पलटण काल्पनिक, निशाण पक्कं

या वेळची बहुतेक पत्रं मिनिएचर वॉरगेमिंगमधल्या (टेबलावर चिमुकले सैनिक मांडून लढाया खेळायचा छंद) काल्पनिक संस्थानांच्या निशाणांबद्दल आहेत : अठराव्या शतकातल्या युरोपच्या धर्तीवर रचलेल्या, नकाशावर कुठेच नसलेल्या डच्या (ड्यूकची छोटी संस्थानं) आणि त्यांच्या पलटणी. उत्तरं सुमारे २८ मिमी उंचीचे सैनिक धरून दिली आहेत.

प्रश्न : आमच्या डचीच्या पलटणीला प्रेशर कुकरचं चित्र आणि खाली ‘लय भारी’ असं निशाण केलं. खेळताना कुणाला हसूच आलं नाही. काय चुकलं? (पुणे)

उत्तर : ते निशाण वाटत नाही, टी-शर्ट वाटतो. या प्रकारातली गंमत एका अटीवर चालते : लांबून बघणाऱ्याला निशाण अगदी खरं वाटलं पाहिजे. म्हणून आधी खऱ्या सैन्याचा साचा घ्या. प्रशिया या जुन्या जर्मन राज्याचा साचा त्यासाठी उत्तम. मधोमध गोलात काळा गरुड, वर फितीवर ‘प्रो ग्लोरिया एट पॅट्रिया’ (कीर्तीसाठी आणि मायभूमीसाठी), कोपऱ्यांत राजाची आद्याक्षरं. यातलं सगळं तसंच ठेवा आणि एकच गोष्ट बदला. फितीवर ‘प्रो प्रांडिओ एट पॅट्रिया’ लिहिलं, की पलटण दुपारच्या जेवणासाठी आणि मायभूमीसाठी लढायला सिद्ध होते. लॅटिन व्याकरणही शाबूत राहतं, आणि ते राहायलाच हवं. मग गरुडाच्या पंजात वज्राऐवजी काटा-चमचा देता येईल, पण तिथे थांबा. तिसरा विनोद घातला की पहिले दोन मरतात.

कुकर बादच करायचा असं नाही. खऱ्या हेराल्ड्रीतला (ढाली-निशाणांवरच्या राजचिन्हांचं युरोपीय शास्त्र) सिंह मागच्या पायांवर उभा, पंजे उगारलेला, जीभ बाहेर काढलेला असतो. ही ऐट तशीच ठेवून प्राणी बदला. त्या आवेशातला साळिंदर कुकरपेक्षा जास्त हसवतो. वस्तूच हवी असेल तर ती ढालीवर, मुकुटाखाली, दोन्ही बाजूंना लॉरेलची पानं अशी मानाने बसवा.

रंगांबाबत हेराल्ड्रीचा जुना नियम पाळाच : पिवळा आणि पांढरा हे ‘धातू’, तर लाल, निळा, हिरवा, काळा, जांभळा हे ‘रंग’. धातूवर रंग किंवा रंगावर धातू, एवढंच. निळ्यावर काळं साळिंदर काढलंत तर टेबलाच्या पलीकडून नुसता डाग दिसेल. अक्षरांचंही तेच. सर्वसाधारण निरोगी नजरेला एक मीटरवरून सुमारे दीड मिलिमीटरपेक्षा छोटं अक्षर वाचता येत नाही, म्हणून २ मिमीच्या खाली जाऊ नका आणि बोधवाक्य चार शब्दांत आटपा.

प्रश्न : युरोपीय पलटणीच्या निशाणावर हत्ती दाखवला तर ओढूनताणून केल्यासारखं वाटेल का? (जालना)

उत्तर : तुमच्याच जिल्ह्यात दाखला आहे. २३ सप्टेंबर १८०३ च्या असईच्या लढाईबद्दल ब्रिटिशांच्या ७४ व्या आणि ७८ व्या पायदळ पलटणींना जादा मानाचं निशाण मिळालं, त्यावर हत्तीच होता. स्वित्झर्लंडमधल्या उरी कँटनच्या (प्रांताच्या) पिवळ्या झेंड्यावर तर नाकात कडी घातलेल्या काळ्या बैलाचं नुसतं मुंडकं आहे, लाल जीभ बाहेर. म्हणजे नुसता हत्ती हा विनोद नव्हे. हत्ती काय करतोय, यात विनोद. उंदराला सलाम ठोकणारा चालेल.

प्रश्न : निशाणाचं नेमकं माप काय घ्यावं, आणि छापताना दोन्ही बाजू जुळवायच्या कशा? माझ्या निशाणाच्या एका बाजूची अक्षरं उलटी आली. (कोल्हापूर)

उत्तर : ब्रिटिश पायदळाच्या १७६८ च्या नियमात निशाण ६ फूट ६ इंच लांब, काठीलगत ६ फूट उंच आणि काठी ९ फूट १० इंच आहे. २८ मिमी सैनिकांना १:५६ प्रमाण धरून ते सुमारे ३५ × ३३ मिमी होतं, काठी ५३ ते ५४ मिमी. १५ मिमी सैनिकांना १:१०० धरून २० × १८ मिमी पुरे. पण मोठं निशाण नुसतं आकसून वापरू नका. कडेची नक्षी आणि बोधवाक्य काढून टाका, प्राणी मोठा करा.

काठीसाठी १ मिमी पितळी तार घ्या. तिचा परीघ ३.१४ मिमी, त्यात कागदाची जाडी धरून दोन बाजूंच्या मधली, काठीभोवती दुमडायची पट्टी ३.५ मिमी ठेवा. म्हणजे आराखडा ३५ + ३.५ + ३५, एकूण ७३.५ मिमी रुंद. इंकस्केपसारख्या चित्र काढायच्या व्हेक्टर प्रोग्रॅममध्ये उजवा अर्धा भाग अक्षरांशिवाय पूर्ण करा, त्याची आरशातली प्रत डावीकडे ठेवा आणि अक्षरं दोन्हीकडे शेवटी, स्वतंत्र टाका. तुम्ही अक्षरांसकट प्रत उलटवलीत, म्हणून ती फिरली. प्राण्याचं तोंड मात्र दोन्ही बाजूंना काठीकडेच हवं, नाहीतर पलटण पुढे चालली की तो मागे पळताना दिसतो. (पळपुट्या पलटणीसाठी हे मुद्दाम करता येईल.) ६०० डीपीआयवर (एका इंचात ६०० ठिपके) छापा, कोणतीही रेघ ०.३ मिमीपेक्षा बारीक नको.

आणखी एक क्रम महत्त्वाचा. ब्रिटिश पद्धतीत पलटणीच्या निशाणाचा रंग सहसा तिच्या कोटाच्या कॉलर-कफांशी जुळतो. प्रिंटरचा रंग कधीच मनासारखा येत नाही, सैनिकांचा ॲक्रिलिक रंग मात्र मिसळून जुळवता येतो. म्हणून निशाण आधी छापा, सैनिक नंतर रंगवा.

प्रश्न : कागदी निशाण पत्र्यासारखं ताठ दिसतं. लहरी कशा आणायच्या? (नाशिक)

उत्तर : फोटो पेपर टाळा. तो वळत नाही, वरचा थर तडकतो. साधा ७० ते ८० जीएसएमचा कागद घ्या. फेविकॉलमध्ये अगदी थोडं पाणी घालून आतल्या बाजूला पातळ, कडेपर्यंत लावा, काठीभोवती दुमडून कोपरे जुळवा. फेविक्विक नको : कागद पारदर्शक होतो आणि सरकवायला वेळ मिळत नाही. गोंद ओला असतानाच पेन्सिलीभोवती तिरक्या घड्या द्या. कापड काठीकडच्या वरच्या कोपऱ्यातून लोंबतं, त्यामुळे घड्या तिथून खाली, बाहेरच्या दिशेने उतरतात. उभ्या समान लहरी दिल्या की पडदा वाटतो. वाळल्यावर कागदाची पांढरी कड निशाणाच्याच रंगाने रंगवा. ही कड राहिली तर बाकी मेहनत वाया. मग खोलगट भागात गडद आणि उंचवट्यावर फिकट छटा द्या.

प्रश्न : भारताचा तिरंगा विनोदी बदल करून वापरावा का? (ठाणे)

उत्तर : नाही. राष्ट्रध्वज विद्रूप करणं १९७१ च्या कायद्याखाली गुन्हा आहे. आणि खेळातही ते कामाचं नाही, काल्पनिक डचीला खऱ्या देशाचा झेंडा कशाला?

प्रश्न : मॅट व्हार्निशचा स्प्रे मारल्यावर निशाणावर पांढरट धुकं आलं. (रत्नागिरी)

उत्तर : हवेतल्या दमटपणामुळे हे होतं. पावसाळ्यात कोकणात स्प्रे बंदच ठेवा आणि ब्रशने लावायचं पाण्याचं मॅट व्हार्निश वापरा. पण मग छपाई लेझर प्रिंटरवरच करून घ्या, कारण इंकजेटची शाई ब्रशखाली पसरते. लेझरची पूड घडीवर किंचित उडते, तिथे ॲक्रिलिकचा ठिपका पुरतो.