वाचकांचे प्रश्न : कूपे खाली घ्यायची, पण किती?

प्रश्न : २.० पेट्रोलची दुसऱ्या पिढीतली ऑडी टीटी क्वाट्रो (दोन दारांची, चारही चाकांना ताकद देणारी) सेकंडहँड घेतली आहे. चाक आणि फेंडरमधली फट डोळ्यांत खुपते. दुकानदार ४० मिमी खाली आणणाऱ्या स्प्रिंगा टाका म्हणतो, मित्र ३० म्हणतात. रोजचा वापर जालना रोडवर, महिन्यातून एक-दोनदा बीड-धाराशिव. कोणत्या घ्याव्यात?
– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : तुमच्या वापराला २५ मिमी पुरे. ४० चा विचार सोडून द्या, ३० सुद्धा खाली दिलेली चाचणी केल्याशिवाय नको.

लोक फेंडरच्या फटीत बोटं घालून आकडा ठरवतात. खरं तर तो शॉकअपच्या रॉडवर ठरतो. स्प्रिंग आखूड केली तरी शॉकअप तेवढाच राहतो. म्हणजे चाक वर जायला जी जागा होती, तीच तुम्ही उभ्या गाडीत खर्च करून बसता. उरलेली जागा संपली की रॉडवरचा रबरी बंपस्टॉप दाबला जातो, आणि गाडी स्प्रिंगवर न चालता रबरावर आपटत चालते. "स्प्रिंगा फार कडक आहेत" ही तक्रार बहुतेक वेळा या आपटण्याचीच असते.

जागा किती उरली आहे हे घरी मोजता येतं. शॉकअपच्या रॉडवरचं धूळ-रबर सरकवा, रॉड पुसा आणि एक बारीक झिपटाय रॉडभोवती शॉकअपच्या तोंडाला टेकवून घट्ट बांधा. रबर परत जागेवर आणा. आता दोन माणसं, डिकीत नेहमीचं सामान आणि नेहमीचाच रस्ता. बीडला जाऊन या. परत आल्यावर झिपटाय आणि बंपस्टॉपचं खालचं टोक यांच्यातलं अंतर मोजा. ३५ मिमी उरले असतील तर २५ ची स्प्रिंग बसून १० मिमी हाताशी राहतात, ४० ची बसणारच नाही. नवी स्प्रिंग थोडी कडक असल्याने प्रत्यक्षात किंचित जास्त उरतं, पण तो हिशेब धरू नका. मागच्या चाकाला एक फरक आहे : शॉकअप चाकापेक्षा आत बसलेला असल्याने चाक २५ मिमी सरकतं तेव्हा रॉड त्याहून कमी सरकतो.

आपल्याकडे ही जागा जास्तच लागते. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि वरचं डांबर त्याबरोबर लांब लाटांसारखं वर-खाली होतं. खड्डा दिसतो, लाट दिसत नाही. ९० च्या वेगात अशा दोन लाटा लागोपाठ आल्या की पहिलीत दाबलेली गाडी सावरायच्या आत दुसरी येते. गुळगुळीत रस्त्यासाठी केलेली ४० मिमीची निवड इथे तोंडावर पडते.

गतिरोधकांचा हिशेबही करून पाहा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गतिरोधक ३.७ मीटर लांब, १० सेंमी उंच आणि १७ मीटर त्रिज्येचा असतो. टीटीच्या पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर २.४६८ मीटर, म्हणजे गतिरोधकापेक्षा कमी. चारही चाकं त्याच गोलाईवर असताना मधला उंचवटा फक्त ४५ मिमी भरतो. अशा ठिकाणी खाली घेतलेली गाडीही सहज जाते. अडचण गावाच्या वेशीवरच्या गतिरोधकाची : अर्धा मीटर रुंद आणि वीतभर उंच. तो दोन्ही चाकांच्या मध्ये पूर्ण उंचीने उभा राहतो आणि चेंबर (इंजिनाखालची तेलाची टाकी) घासतो. असा एक गतिरोधक रोजच्या वाटेवर असेल तर त्याची उंची टेपने मोजून आणा. कॅटलॉगपेक्षा ती उपयोगी पडेल.

आता स्प्रिंग निवडण्याबद्दल. ही स्प्रिंग फक्त 'आखूड' नसते. समजा एका पुढच्या स्प्रिंगवर ३५० किलो भार आहे, म्हणजे सुमारे ३,४३० न्यूटन. मूळ स्प्रिंग २८ न्यूटन प्रति मिमी असेल तर ती १२२ मिमी दबते. नवी ३५ ची घेतली तर ९८ मिमीच दबेल. नुसत्या कडकपणाने गाडी २४ मिमी वर येईल! २५ मिमी खाली आणायचं तर मोकळी स्प्रिंग जवळजवळ ४९ मिमी आखूड लागते. मग जॅकवर चाक लोंबकळलं की ती सैल पडण्याची भीती. मूळ गाडीत चाक ७० मिमी लोंबत असेल तर २५ खाली घेतल्यावर ते ९५ लोंबेल, आणि ९८ दबलेली स्प्रिंग ३ मिमीच्या फरकाने वाटीत टिकेल. ४० ला ते ११० होतं, म्हणजे स्प्रिंग १२ मिमी मोकळी. ती वाटीत फिरते आणि परत बसताना वाकडी बसते. चांगल्या स्प्रिंगेत एका टोकाला जवळजवळ गुंडाळलेले मऊ वेढे असतात ते यासाठीच. गाडी उभी असताना ते एकमेकांवर टेकलेले असतात, चाक लोंबकळलं की उघडतात आणि स्प्रिंग धरून ठेवतात. अशी प्रोग्रेसिव्ह स्प्रिंगच घ्या. आयबाखचा प्रो-किट आणि एच अँड आर ही यातली नावाजलेली नावं.

विकत घेताना तीन गोष्टी जुळवा. पहिली, इंजिन आणि ड्राइव्ह : ३.२ व्ही६ चा पुढचा भार २.० पेक्षा जास्त, म्हणून पार्ट नंबर वेगळा. खोक्यावरचा एक्सलचा कमाल भार गाडीच्या प्लेटवरच्या आकड्याशी ताडून पाहा. दुसरी, गाडीत आधीच एस-लाइन स्पोर्ट सस्पेन्शन आहे का? ते साध्यापेक्षा १० मिमी खाली असतं आणि कॅटलॉगमधला आकडा साध्यापासून मोजलेला असतो. त्यामुळे '२५' ची स्प्रिंग टाकली तर तुम्हाला साधारण १५ च मिळतील. मग दुकानदाराने फसवलं असं म्हणू नका. तिसरी, मॅग्नेटिक राइड (चुंबकाने कडकपणा बदलणारे शॉकअप) असल्यास त्यासाठीचा स्वतंत्र पार्ट नंबर.

शॉकअप ६०-७० हजार किमी चाललेले असतील आणि रॉडवर तेलाचा ओलावा दिसत असेल, तर नुसत्या स्प्रिंगांवर पैसे घालू नका. स्प्रिंग २५ टक्के कडक झाली की तिला आवरायला शॉकअपचा जोरही सुमारे १२ टक्के जास्त लागतो. नवा शॉकअप हे पेलतो, थकलेला नाही. बिलस्टाइन कंपनीच्या शॉकअपमध्ये बी६ मूळ उंचीसाठी आणि बी८ खाली घेतलेल्या गाडीसाठी, आखूड रॉडचा. बी८ घ्या.

प्रश्न : स्प्रिंगा आल्या आहेत. आमच्या इथला मेस्त्री हुशार आहे, पण टीटी त्याने कधी उघडलेली नाही. त्याला काय सांगू?
– एक वाचक, परभणी

उत्तर : आधी चारही कोपऱ्यांवर चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंतची उंची मोजून लिहून ठेवा, टाकी अर्धी भरलेली ठेवून. नंतर तक्रार करायची तर हेच चार आकडे लागतील.

या पिढीच्या टीटीत पुढे स्ट्रटवर (शॉकअपचाच उभा खांब) स्प्रिंग असते, मागे स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा. पुढचा स्ट्रट चाकाच्या हाउसिंगमध्ये चिमट्यासारखा आवळलेला असतो. ती फट पसरायचं खास हत्यार मिळतं. छिन्नी ठोकून फट उघडली तर हाउसिंगला तडा जातो. स्प्रिंग कॉम्प्रेसरचे (स्प्रिंग दाबून धरणारं हत्यार) हुक समोरासमोर लावा आणि दोन्ही बाजू थोड्या थोड्या आळीपाळीने आवळा. दबलेल्या स्प्रिंगेच्या टोकासमोर कोणी उभं राहू नये. वरचं माउंट आणि बेअरिंग याच वेळी नवी टाका, नाहीतर महिन्याभरात पुन्हा तेवढंच काम. स्प्रिंगेचं टोक वाटीतल्या अडणीला टेकलेलं असावं आणि कंपनीने छापलेली अक्षरं सरळ वाचता यावीत.

या गाडीत बरेच बोल्ट एकदाच वापरायचे असतात. ते ठरावीक टॉर्कला (पिळण्याच्या जोराला) आवळून पुढे अंशात फिरवायचे असतात, म्हणून ताणले जातात. नवे मागवा, आणि टॉर्क वर्कशॉप मॅन्युअलमधून घ्या, अंदाजाने नको.

सगळ्यात जास्त चूक होते ती चाक धरणाऱ्या आर्मच्या सांध्यातल्या रबरी बुशमध्ये. जॅकवर चाक लोंबकळत असताना बोल्ट आवळला तर बुश त्या स्थितीला पकडतो आणि गाडी खाली उतरली की कायम पिळलेला राहतो. तो एक-दोन पावसाळ्यांत फाटतो, शिवाय गाडी ठरल्यापेक्षा ५-१० मिमी उंच बसते. बोल्ट हातानेच बसवा, आर्मखाली जॅक लावून आर्म चाकं जमिनीवर असतानाच्या उंचीला आणा, आणि मग शेवटचा टॉर्क द्या.

पाचशे किमी चालवल्यावर पुन्हा मोजा. स्प्रिंगा थोड्या बसलेल्या असतील. मग अलाइनमेंट करा, आधी करून पैसे वाया घालवू नका. झेनॉन दिव्यांची गाडी असेल तर एक काम बाकी राहतं : उंची मोजणाऱ्या सेन्सरला नवी उंची डायग्नोस्टिकवरून शिकवावी लागते, नाहीतर दिव्यांचा झोत चुकीच्या उंचीवर पडतो.

प्रश्न : स्प्रिंगा बदलून ४,००० किमी झाले आणि पुढचे टायर आतल्या कडेने खाल्ले गेले. कॅम्बरमुळे (चाक वरून आत झुकल्यामुळे) ना?
– एक वाचक, नांदेड

उत्तर : बहुधा नाही, टो मुळे (वरून पाहता चाकांची तोंडं आत-बाहेर वळल्यामुळे). गाडी खाली बसली की कॅम्बर आणि टो दोन्ही बदलतात. दीड अंश कॅम्बर टायर हळूहळू खातो, बिघडलेला टो मात्र झपाट्याने. तळहात टायरवर बाहेरून आत फिरवा, मग आतून बाहेर. एका दिशेला गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेला करवतीसारखं खरखरीत लागलं तर टो बिघडला आहे. दोन्हीकडे सारखंच गुळगुळीत, पण आतला भाग पातळ झालेला असेल तर कॅम्बर. मागे एक्सेंट्रिक बोल्टने (फिरवला की आर्म सरकवणाऱ्या) दोन्ही जुळवता येतात. पुढे टो जुळतो, कॅम्बर फारसा जुळत नाही : सबफ्रेम (आर्म बसवलेली खालची चौकट) सरकवून दोन बाजूंतला फरक तेवढा काढता येतो. मशीनवरचा कागद घरी आणा. 'हिरवं आलं' एवढ्यावर समाधान मानू नका.

प्रश्न : नवीन स्प्रिंगेचा खर्च कशाला, आहे त्याचा एक वेढा कापला तर?
– एक वाचक, लातूर

उत्तर : सहा चालत्या वेढ्यांतला एक कापला की स्प्रिंग २० टक्के कडक होते, पण उंची किती उतरेल हे कापणाऱ्यालाही माहीत नसतं. वाटीत बसणारं वळवलेलं टोक जातं, कापलेलं टोक वाटी खातं. गॅसने कापली असेल तर त्या जागचं पोलाद मऊ पडून तिथेच तुटते. नका कापू.

प्रश्न : आरटीओचं काय?
– एक वाचक, जालना

उत्तर : मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणीतले तपशील कंपनीच्या मूळ मापांपेक्षा वेगळे पडतील असा बदल करता येत नाही. कलम १८२अ खाली मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. काम करण्याआधी आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. मूळ स्प्रिंगा भंगारात देऊ नका. तेल लावून, गोणपाटात गुंडाळून, पुढच्या-मागच्या आणि डाव्या-उजव्या अशी चिठ्ठी बांधून ठेवा.