काळ्या तेलाच्या पोटात काय असते? : वाचकांची प्रश्नोत्तरे

इंधन तेलाविषयी आलेल्या पत्रांतले सहा प्रश्न या वेळी घेतले आहेत. दोन तेले एकत्र करण्याचा प्रश्न मुद्दाम पहिला घेतो. त्या चुकीत नुकसान फार मोठे होते आणि ती टाळायला जेमतेम तास-दोन तास लागतात.

प्रश्न : टाकीत अर्धे फर्नेस ऑइल शिल्लक असताना त्यावर दुसरीकडून आलेले तेल भरले. दोन्हींचे चाचणी अहवाल उत्तम होते. तरी दोनच दिवसांत फिल्टर काळ्या, चिकट गाळाने तुंबले. तेलात भेसळ होती का?

भेसळ नसतानाही असे होते. फर्नेस ऑइलसारख्या अवशिष्ट तेलात, म्हणजे शुद्धीकरणात हलके भाग काढून घेतल्यावर तळाशी उरणाऱ्या तेलात, अस्फाल्टीन नावाचे मोठे, पत्र्यांसारखे सपाट रेणू असतात. त्यांत अनेक बेंझिन वलये एकमेकांना चिकटलेली असतात आणि गंधक, नायट्रोजन, धातू अडकलेले असतात. हे रेणू तेलात साखरेसारखे विरघळलेले नसतात. रेझिन नावाचे रेणू त्यांना वेढून बसतात आणि भोवतालचे अ‍ॅरोमॅटिक, म्हणजे बेंझिन वलये असलेले, द्रव त्यांना तरंगत ठेवते. त्यात पॅराफिनी, म्हणजे सरळ साखळ्यांचे, तेल ओतले की रेझिन सुटे होतात, अस्फाल्टीन एकमेकांना चिकटतात आणि खाली बसतात. प्रयोगशाळेत अस्फाल्टीन वेगळे करण्याची रीतही हीच आहे : हेप्टेनमध्ये जे विरघळत नाही आणि टोल्युइनमध्ये विरघळते, ते अस्फाल्टीन.

तुमच्या टाकीत हेप्टेनचे काम नव्या तेलाने केले. दोन्ही तेले आपापल्या जागी स्थिर होती, त्यामुळे दोन्ही अहवाल खरेच होते. मिश्रणाचा अहवाल मात्र कोणीच काढला नव्हता.

यापुढे भरण्याआधी दोन्ही तेले ज्या प्रमाणात मिसळणार त्याच प्रमाणात थोडी एकत्र करा, गरम करा आणि एक थेंब चाचणीच्या कागदावर टाकून सुमारे १०० अंश सेल्सियसच्या भट्टीत तासभर ठेवा. डाग सगळीकडे सारखा दिसला तर मिश्रण जमते. मध्यभागी गडद ठिपका किंवा वर्तुळ उमटले तर भरू नका. प्रमाणित पद्धतीत या डागाला १ ते ५ असे क्रमांक देतात. १ सर्वांत चांगला. शक्य असेल तर त्याहून सुरक्षित मार्ग म्हणजे जुने तेल आधी संपवणे.

आता झालेल्या गाळावर डिझेल ओतून तो पातळ करू नका. अनेक जण नेमके तेच करतात. डिझेल पॅराफिनी असते, त्यामुळे उरलासुरला अस्फाल्टीनही खाली बसतो. एकदा बसलेला गाळ सहजी परत विरघळत नाही. सेंट्रिफ्यूज, म्हणजे तेल वेगाने फिरवून जड भाग वेगळा करणारे यंत्र, लावून आणि टाकीचा तळ साफ करूनच तो काढावा लागतो.

प्रश्न : डिझेल आणि फर्नेस ऑइल यांपैकी जास्त उष्णता कशात?

वजनावर मोजले तर डिझेलमध्ये, लिटरवर मोजले तर फर्नेस ऑइलमध्ये. हायड्रोजन जळताना किलोमागे सुमारे १२० मेगाज्यूल देतो, कार्बन सुमारे ३३. डिझेलमध्ये हायड्रोजनचा वाटा अधिक, म्हणून ते किलोला साधारण ४३ मेगाज्यूल देते आणि फर्नेस ऑइलसारखे जड तेल ४० ते ४१. पण जड तेलाची घनता लिटरला ०.९७ किलोच्या आसपास आणि डिझेलची ०.८४, त्यामुळे लिटरला जड तेलातून सुमारे ३९ आणि डिझेलमधून सुमारे ३६ मेगाज्यूल मिळतात. दरांची तुलना करताना आकडे ‘नेट’ आहेत की ‘ग्रॉस’ हे आधी विचारा. तेलात ११ टक्के हायड्रोजन असेल तर एक किलो तेलातून जवळजवळ एक किलो पाणी तयार होते. ते वाफ होऊन चिमणीतून जाते आणि किलोमागे सुमारे अडीच मेगाज्यूल उष्णता घेऊन जाते. ही उष्णता धरून काढलेला आकडा ‘ग्रॉस’, ती वगळून काढलेला ‘नेट’; वरचे आकडे नेट आहेत.

प्रश्न : बॉयलरच्या सुपरहीटरचे आधार झिजले आहेत, त्यांवर काचेसारखा कठीण थर आहे. दुसऱ्या टोकाला चिमणीआधीच्या हवा तापवणाऱ्या नळ्याही गंजल्या. दोन्हीकडे गंधकच कारण आहे का?

थंड टोकाला गंधक. गरम टोकाला, म्हणजे वाफ आणखी तापवणाऱ्या सुपरहीटरकडे, संशय तेलातल्या व्हॅनेडियम या धातूवर घ्या. गंमत अशी की, हे दोघे एकमेकांना मदत करतात.

व्हॅनेडियम तेलात आला कुठून, ही मला या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. १९३०च्या दशकात जर्मन रसायनशास्त्रज्ञ आल्फ्रेड ट्राइब्ज यांनी खनिज तेलात पॉर्फिरिन ओळखली. झाडाच्या पानातल्या हरितद्रव्याच्या गाभ्याशी असतात तशीच ही वलये. पानात त्यांच्या मधोमध मॅग्नेशियम असते, तेलात त्या जागी व्हॅनेडियम किंवा निकेल येऊन बसलेले असते. म्हणूनच व्हॅनेडियम पाण्याने धुऊन निघत नाही. तो रेणूचाच भाग असतो. सोडियम मात्र बहुतेक वेळा समुद्राच्या पाण्यातून मिसळतो. तो धुता येतो, सेंट्रिफ्यूजमध्ये पाण्याबरोबर काढता येतो.

तेल जळल्यावर व्हॅनेडियम पेंटॉक्साइड होते. ते सुमारे ६७० ते ६९० अंशांना वितळते. सोबत सोडियम असेल तर तयार होणारी मिश्र संयुगे ६०० अंशांच्याही खाली वितळू शकतात. सुपरहीटरचे आधार एवढे तापतात, मग ही वितळलेली राख धातूवर चिकटते आणि पोलादावरचे संरक्षक ऑक्साइडच विरघळवते. खालचा धातू उघडा पडतो, पुन्हा ऑक्साइड बनते, पुन्हा विरघळते. सोडियम व्हॅनेडियमच्या साधारण एक तृतीयांश असेल तर हा त्रास सर्वांत वाईट. अहवालात दोन्ही आकडे शेजारी ठेवून वाचा. जहाजांच्या ३८० प्रतीच्या तेलासाठी (हा आकडा दाटपणाचा) आंतरराष्ट्रीय मानकात किलोमागे व्हॅनेडियम ३५० मिलिग्रॅम आणि सोडियम १०० मिलिग्रॅम अशी कमाल मर्यादा आहे. म्हणजे दोन्ही आकडे मर्यादेत असलेले तेलही या वाईट गुणोत्तराच्या जवळ असू शकते.

आता थंड टोक. गंधकाचा बहुतेक भाग सल्फर डायऑक्साइड होऊन निघून जातो, पण थोडासा सल्फर ट्रायऑक्साइड होतो. वाफेशी मिळून त्याचे गंधकाम्ल बनते. धातूचा पृष्ठभाग साधारण १२० ते १५० अंशांच्या खाली गेला की ते आम्ल त्यावर दव पडावे तसे जमते. डायऑक्साइडचे ट्रायऑक्साइड व्हायला व्हॅनेडियम पेंटॉक्साइडच मदत करते. गंधकाम्लाच्या कारखान्यात उत्प्रेरक म्हणून तेच वापरतात.

त्यामुळे एकच उपाय दोन्ही टोकांना लागू पडतो : जादा हवा कमी करा. ऑक्सिजन कमी मिळाला तर व्हॅनेडियम जास्त तापमानाला वितळणाऱ्या ऑक्साइडच्या रूपात राहते आणि सल्फर ट्रायऑक्साइडही कमी बनते. धूर निघू लागेल इतकी मात्र हवा कापू नका. मॅग्नेशियमयुक्त पूरकांनी राखेचा वितळणबिंदू हजार अंशांच्या वर नेता येतो. राख मग भुसभुशीत होते आणि झटकता येते. आणि चिमणीचे तापमान उतरवून इंधन वाचवायच्या मोहात पडण्याआधी तेलातले गंधक किती ते पाहा.

प्रश्न : तेल किती गरम करावे? ज्योतीतून काळे कण उडतात.

तापमान ठरवून चालत नाही, बर्नरला हवा असलेला दाटपणा ठरवावा लागतो. दाबावर फवारणाऱ्या बर्नरला साधारण १५ ते २० सेंटिस्टोक (दाटपणाचे एकक) लागतात. ५० अंशांना १८० सेंटिस्टोक असणारे तेल सुमारे १०५ ते ११० अंशांवर २० ला येते. ३८० च्या तेलाला १२० च्या आसपास न्यावे लागते. तेल बदलले आणि हीटर जुन्याच आकड्यावर राहिला, तर थेंब मोठे पडतात. मोठा थेंब बाहेरून जळतो, आत अस्फाल्टीनचा कोळसा उरतो. तुमचे काळे कण बहुधा तेच आहेत; भिंगाखाली ते पोकळ, भोके पडलेल्या गोळ्यांसारखे दिसतात. अति तापवले तर हीटरवर कार्बन बसतो आणि हलके भाग वाफ होऊन ज्योत धपधप करते. टाकीत मात्र पंप ओढू शकेल एवढेच तापवा : पोअर पॉइंटच्या, म्हणजे ज्याच्या खाली तेल वाहतच नाही त्या तापमानाच्या, दहाएक अंश वर.

प्रश्न : थंडीत डिझेल पांढुरके झाले. डिझेल हलक्या प्रतीचे समजायचे का?

नाही, ते मेण आहे. सोळा कार्बनांची सरळ साखळी असलेले हेक्साडेकेन १८ अंशांनाच गोठते. पण इंजिनात इतके झटकन पेटते की सीटेन मापनात, म्हणजे डिझेल किती चटकन पेटते याच्या मोजमापात, त्याला १०० गुण दिले आहेत. त्याच सोळा कार्बनांची फांद्या फुटलेली रचना, हेप्टामिथिलनोनेन, घेतली तर गुण १५ वर येतात. म्हणजे चांगले पेटणारे तेल थंडीत आधी गढूळ होते. थंडीसाठीचे पूरक घालायचे तर मेण दिसण्याआधी, तेल कोमट असताना घाला. त्याने मेणाचे स्फटिक बारीक राहून फिल्टरमधून जातात. गढूळपणा येण्याचे तापमान बदलत नाही.

प्रश्न : अहवालात फ्लॅश पॉइंट ६६ अंश आहे आणि टाकी ५० अंशांवर. झाकण उघडून आत डोकावले तर चालेल ना?

कृपया असे करू नका. फ्लॅश पॉइंट म्हणजे चाचणीत तेलाची वाफ ठिणगीने पेटते ते सर्वांत कमी तापमान. तापवलेल्या जड तेलाच्या टाकीत वरच्या पोकळीत हलक्या वायूंचा साठा होतो, आणि फ्लॅश पॉइंटखालीही तो पेट घेऊ शकतो. हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू तर फ्लॅश पॉइंटमध्ये दिसतच नाही. सुरुवातीला त्याचा सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण दशलक्षात शंभर भागांच्या आसपास नाक बधिर होते आणि वास येणेच थांबते. झाकण उघडण्याआधी वायुमापक लावा, वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला उभे राहा आणि सोबत कोणीतरी असू द्या. आत उतरणे हे वेगळे, परवानगी घेऊन आणि श्वसनयंत्र लावून करायचे काम आहे. वास गेला म्हणजे वायू गेला, असे समजून कोणीही पुढे झुकू नये.